दुःखवार्ता सांगण्याची विद्या

आपल्या खेड्यांतून एक गोष्ट वारंवार घडते व आपणांपैकीं पुष्कळजण तिचे साक्षी असतात. घरांतील कर्ता पुरुष आजारी पडतो. तालुक्याच्या दवाखान्यांतून त्यास जिल्ह्याच्या गांवीं आणि तेथून मोठ्या शहरीं नेतात. तेथें तपासणी होते, मांसाचा तुकडा काढून पाहतात, कागद येतो. तो कागद मुलाच्या हातीं पडतो, मुलाकडून चुलत्याच्या, चुलत्याकडून जांवयाच्या. आठ दिवसांत सगळ्या आळीस कळतें कीं, दुखणें कर्करोगाचें आहे. ज्याला तें झालें आहे त्याला मात्र कोणी कांहीं सांगत नाहीं. त्यानें विचारलें म्हणजे 'गाठ आहे, औषधानें विरेल' असें उत्तर मिळतें.

असा एक शेतकरी माझ्या ओळखीचा होता. तंबाखूची संवय जुनी. गालाच्या आंतून चट्टा पडला, त्याचा व्रण झाला, पुढें तोंड उघडेनासें झालें. शहरांतील एका इस्पितळांत निदान झालें त्या वेळीं मी त्याच्या मुलाबरोबर होतों. डॉक्टर व्हरांड्यांत उभे होते व त्यांच्या मागें पुढच्या रोग्यांची रांग लागली होती. कागदावर बोट ठेवून ते म्हणाले, "चौथी स्टेज आहे. आतां कांहीं होणार नाहीं, घरीं न्या," आणि पुढच्या माणसाकडे वळले. दोन मिनिटेंहि लागलीं नसतील. मुलानें मला विचारलें, "चौथी म्हणजे शेवटची का हो?" मला उत्तर ठाऊक होतें, परंतु "विचारूं आपण" असें म्हणून मीं वेळ मारून नेली. बाप बाहेर बांकावर बसला होता. त्यानें आम्हां दोघांचीं तोंडें पाहिलीं व कांहीं न बोलतां धोतराचा सोगा सांवरून उठला.

पुढें सात आठवडे तो जगला. त्या अवधींत त्यानें मला दोनदां विचारलें, "तुम्हांला कांहीं सांगितलें का हो त्यांनीं?" आणि मीं दोन्ही वेळां पावसापाण्याचें बोलणें काढलें. धाकट्या भावाशीं बांधावरून त्याचा अकरा वर्षांचा अबोला होता. तो तसाच राहिला. भाऊ मातीस आला व ओसरीवर बसून एवढेंच म्हणाला, "मला कोणी कळवलं असतं तर." त्या डॉक्टरांस मीं मनांतल्या मनांत पुष्कळ दोष दिला होता. परंतु त्यांनीं जें दोन मिनिटांत वाईट रीतीनें केलें, तें मीं सात आठवड्यांत केलेंच नाहीं, हें मला मागाहून उमगलें.

हें सर्व आठवण्याचें कारण असें: गेल्या पावसाळ्यांत आमच्या भागांतील प्राथमिक आरोग्य केंद्रांत आलेल्या एका तरुण वैद्यकीय अधिकाऱ्यानें मला आपला मोबाईल दाखविला. दुःखवार्ता कशी सांगावी ह्याचे धडे त्यांत होते. एकेक धडा आठ-दहा मिनिटांचा. प्रथम चित्रफीत दिसते. तींत डॉक्टर व रोगी समोरासमोर बसलेले असतात. मध्येंच चित्र थांबतें व प्रश्न येतो: रोगी आतां रडूं लागला आहे, तुम्ही काय म्हणाल? खालीं तीन-चार उत्तरें दिलेलीं असतात. त्यांतून एक निवडावें, म्हणजे त्या उत्तरानें रोग्याच्या चेहऱ्यावर काय फरक पडतो तें दिसतें. दुसऱ्या दिवशीं आदल्या दिवसाच्या धड्यावरचा प्रश्न आपण होऊन पुढें येतो. आपले शब्द आपल्याच आवाजांत नोंदवून दूरच्या शिक्षकाकडे पाठविण्याची व त्याचा अभिप्राय मिळविण्याचीहि सोय होती. तो म्हणाला, "पाळकसाहेब, हाडें, शिरा, औषधें हीं सर्व आम्हीं वर्षानुवर्षें घोकलीं, पण माणसापुढें बसून 'तुमचें दुखणें बरें होणार नाहीं' हें कसें म्हणावें, तें फार थोडें शिकलों."

खरें सांगावयाचें तर मला प्रथम हसूं आलें. ज्या यंत्रापायीं एका घरांतलीं माणसें एकमेकांशीं बोलेनाशीं झालीं, तें यंत्र आतां बोलावयास शिकविणार! पण माझें हसूं फार वेळ टिकलें नाहीं. ज्याला सात आठवड्यांत एक वाक्य बोलतां आलें नाहीं, त्यानें शिकणाऱ्यास हसणें शोभत नाहीं. तेव्हां त्या धड्यांत काय आहे तें मीं बसून पाहिलें.

त्या धड्यांचा पाया सहा पायऱ्यांच्या एका रीतीवर आहे. वॉल्टर बेल, रॉबर्ट बकमन वगैरे डॉक्टरांनीं ती २००० सालीं प्रसिद्ध केली, व पायऱ्यांच्या इंग्रजी नांवांच्या आद्याक्षरांवरून तिला 'स्पाइक्स' म्हणतात. बकमन हे मूळचे इंग्लंडचे. पुढें कॅनडांतील टोरांटो येथें त्यांनीं कर्करोग्यांची सेवा केली. तरुणपणीं एका कठीण रोगानें ते स्वतःच मरणाच्या दारीं जाऊन आले होते, त्यामुळें खाटेवर निजलेल्याची बाजू त्यांस ठाऊक होती. ह्या विषयावर त्यांचें पुस्तक १९९२ सालीं निघालें. दुःखवार्ता कशास म्हणावें हें त्यांनीं फार नेमकें सांगितलें आहे: जी ऐकून माणसाच्या मनांतलें आपल्या पुढील आयुष्याचें चित्र एकाएकीं व फार वाईट रीतीनें पालटतें ती. म्हणजे वार्ता मरणाचीच पाहिजे असें नाहीं. गवंड्यास त्याचा उजवा हात कापावा लागेल हें सांगणें, किंवा लग्न होऊन चार वर्षें झालेल्या सुनेस तिला मूल होणार नाहीं हें सांगणें, हेंहि त्यांतच येतें.

पहिली पायरी जागेची. आडोसा असावा, डॉक्टरानें बसून बोलावें, रोग्यास हवें असेल तें माणूस जवळ असावें, आणि मोबाईल बंद असावा. मोबाईलनें शिकविलेला पहिला धडा मोबाईल बंद करण्याचा, ही मौज आहेच! दुसरी पायरी मला सर्वांत मोलाची वाटली. ती अशी कीं, सांगण्यापूर्वीं विचारावें. "बाबा, आजवर तुम्हांला डॉक्टरांनीं काय सांगितलें आहे? तुम्हांला स्वतःला काय वाटतें, हें दुखणें कशाचें असेल?" पुष्कळ वेळां ह्या प्रश्नास येणारें उत्तर ऐकून सांगणाऱ्यासच कळतें कीं, रोग्यास आधींच बहुतेक सर्व उमगलें आहे. माझ्या शेतकऱ्यानें बांकावरून आमचीं तोंडें वाचलीं होतीं. त्याला वार्ता नको होती. ती आपल्याशीं बोलणारें कोणी तरी हवें होतें.

तिसऱ्या पायरीवर रोग्यास किती जाणून घ्यावयाचें आहे तें विचारावयाचें. चौथीवर सांगावयाचें, तेंहि आधीं "कागद आपल्याला वाटला होता तितका चांगला नाहीं" अशी सूचना देऊन, मग साध्या शब्दांत, थोडें थोडें, आणि मध्यें थांबून. पांचवी पायरी रोग्याच्या दुःखाची व सहावी पुढें काय करावयाचें ह्याची. पांचवीविषयीं त्या धड्यांत एक निरीक्षण आहे तें मला अगदीं खरें वाटतें. वार्ता सांगून झाली कीं डॉक्टरची जीभ धांवूं लागते. तो औषधांचीं नांवें सांगतो, शेंकड्याचे हिशेब सांगतो, दुसऱ्या इस्पितळाचा पत्ता सांगतो. हें रोग्यासाठीं नसतें. समोरचें रडें ऐकूं येऊं नये म्हणून असतें. रोग्याच्या कानांत तर पहिल्या शब्दानंतर कांहींच शिरलेलें नसतें. म्हणून धडा सांगतो कीं, त्या शब्दानंतर गप्प बसा. शिकण्यास ही सर्वांत कठीण गोष्ट आहे, असें तो तरुण डॉक्टर म्हणाला, आणि प्रार्थनेसाठीं गेलेल्या घरांतून माझाहि अनुभव तसाच आहे.

रोग्यास खरें सांगावें काय हा प्रश्न जुना आहे, आणि त्यावर वैद्यांचें मत फार काळ 'सांगूं नये' असेंच होतें. ग्रीक वैद्य हिपोक्रातीस ह्याच्या नांवावर चालत आलेल्या एका लेखांत, शुश्रूषा करतांना बहुतेक गोष्टी रोग्यापासून झांकून ठेवाव्या असा उपदेश आहे. अमेरिकन वैद्यकीय संघानें १८४७ सालीं आपली नीतिसंहिता केली; तींत वैद्याच्या कृतीप्रमाणें त्याच्या शब्दांनींहि रोग्याचें आयुष्य कमी होऊं शकतें अशी धास्ती व्यक्त केली आहे. १९६१ सालीं अमेरिकेंत डॉक्टरांचें मत घेतलें तेव्हां उत्तर देणाऱ्यांपैकीं शेंकडा ९० जणांनीं कर्करोग झालेल्यास तसें न सांगण्याकडे आपला कल असल्याचें कळविलें. १९७९ सालीं तीच प्रश्नावली तेथील एका विद्यापीठाच्या इस्पितळांतील डॉक्टरांस दिली, तेव्हां शेंकडा ९७ जण सांगण्याच्या बाजूचे निघाले. अठरा वर्षांत एवढी उलथापालथ! दरम्यानच्या काळांत नवे उपचार निघाले होते, आणि काय झालें हें न सांगतां कोणास महिनोन् महिने कडक औषधें देतां येत नाहींत. रोग्याची संमति घेतली पाहिजे असें कायद्यानेंहि ठरत चाललें होतें. १९६९ सालीं एलिझाबेथ क्युब्लर-रॉस ह्या बाईंचें मरणोन्मुख माणसांशीं झालेल्या संभाषणांवरचें पुस्तक निघालें, त्यानेंहि पुष्कळांचे डोळे उघडले.

पण 'सांगावें' हें ठरलें तरी 'कसें' हें शिकविण्याची कोणास आठवण झाली नाहीं. वर्षें गेलीं कीं ही कला आपोआप येते अशी समजूत होती. ती खरी नाहीं. ब्रिटनमध्यें ३४ कर्करोग-केंद्रांतील १६० डॉक्टर घेऊन एक प्रयोग केला व तो २००२ सालीं प्रसिद्ध झाला. ज्यांस तीन दिवसांचें शिक्षण दिलें ते मोकळे प्रश्न अधिक विचारूं लागले व रोग्याचें दुःख ओळखून बोलूं लागले. नुसत्या जुन्या अनुभवानें तें साधलें नव्हतें. आपल्या देशांत वैद्यकाच्या पदवीचा नवा अभ्यासक्रम २०१९ सालीं सुरू झाला, त्यांत वर्तन, नीति व संभाषण ह्यांस स्वतंत्र जागा दिली आहे. परंतु जे त्याआधीं शिकून गांवोगांव काम करीत आहेत त्यांचें काय? तीन दिवसांच्या वर्गास शिक्षक लागतात, रोग्याची भूमिका करणारे नट लागतात, डॉक्टरास आपलें केंद्र बंद ठेवून शहरीं जावें लागतें. अक्कलकुव्याच्या किंवा एटापल्लीच्या एकुलत्या एका डॉक्टरानें तें कसें करावें? मोबाईलवरील शिक्षणाची खरी गरज येथें दिसते. अमेरिकेंतील 'व्हायटलटॉक' ह्या संस्थेनें आपले धडे मोबाईलवर आणले आहेत. संजीव अरोरा ह्या मूळच्या भारतीय डॉक्टरानें २००३ सालीं न्यू मेक्सिकोंत 'प्रोजेक्ट इको' नांवाची पद्धति सुरू केली. तींत दूरदूरचे डॉक्टर ठराविक वेळीं पडद्यावर एकत्र येतात, एकजण आपल्या रोग्याची हकीकत मांडतो व सगळे मिळून तींतून शिकतात. केरळांतील 'पॅलियम इंडिया' ही संस्था, जी असाध्य रोग्यांच्या वेदना कमी करण्याचें काम करते, तीहि ह्या पद्धतीनें वर्ग चालविते.

डॉक्टरांचीच गोष्ट कशाला? सरकारी योजनेप्रमाणें ३० वर्षांवरील स्त्रीपुरुषांच्या तोंडाची, तसेंच स्त्रियांच्या स्तनांची व गर्भाशयमुखाची तपासणी आतां गांवांतच व्हावयाची असते. उपकेंद्राच्या नर्सबाईंस एखाद्याच्या गालांत पांढरा चट्टा दिसतो. 'पुढें जाऊन तपासून घ्या' एवढें वाक्य त्यांना बोलावें लागतें, आणि दुःखवार्तेची पहिली पायरी तेथेंच सुरू होते. तें वाक्य भीतीनें दडपून सांगितलें तर माणूस पुढें जातच नाहीं. हंसण्यावारीं नेऊन सांगितलें तरीहि जात नाहीं. त्या बाईंस कोणतें विद्यालय तीन दिवसांसाठीं बोलावणार आहे? मोबाईल मात्र त्यांच्या पिशवींत असतोच.

आतां नीतीचा प्रश्न. कोणी म्हणेल, पाठ केलेली सहानुभूति हें ढोंगच नव्हे काय? डॉक्टराचें मन द्रवलें असेल तर शब्द आपोआप येतील. द्रवलें नसेल तर मोबाईलवरून घोकलेले शब्द म्हणजे नुसता मुखवटा. हा आक्षेप मला बराच काळ पटत होता. पण आपल्या गांवाकडे पाहिलें म्हणजे तो टिकत नाहीं. आपण सांत्वनास जातों तेव्हां काय करतों? दारांत मोठ्यानें बोलत नाहीं. आधीं बसतों, मग घरचें माणूस बोलेपर्यंत थांबतों. उठतांना 'येतों' म्हणत नाहीं. हें सर्व आपणांस लहानपणीं आईनें शिकविलें. पहिल्या खेपेस तिनें हात दाबून गप्प बसविलें म्हणून आपण गप्प बसलों. त्याला कोणी ढोंग म्हणत नाहीं. शिकलेली रीति ही दुःखाची नक्कल नसते. आपल्या अडाणीपणानें दुसऱ्यास अधिक दुखवूं नये म्हणून घातलेला तो बांध असतो. ज्याचें मन द्रवलें आहे त्यासच रीतीची अधिक गरज असते, कारण तो घाबरतो आणि घाबरलेला माणूस पावसापाण्याचें बोलतो.

एक गोष्ट मात्र विसरतां कामा नये. दुःखवार्ता कोणी न्यावी हा प्रश्न आपल्या देशांत फार जुन्या काळीं एका रीतीनें सोडविला होता, व ती रीति आपल्यापैकीं अनेकांच्या आजोबा-पणजोबांच्या अंगावरून गेली आहे. परगांवीं मयताची खबर पोंचविणें हें महारकीच्या कामांपैकीं एक होतें. रात्र असो, पाऊस असो, सांगितलें कीं निघावयाचें. आणि अशुभ घेऊन आलेला म्हणून दारांत उभें राहावयाचें. तें वतनच १९५८ च्या कायद्यानें रद्द झालें. तथापि जें काम कोणास नको तें सर्वांत खालच्याच्या माथीं मारण्याची खोड कायद्यानें गेलेली नाहीं. इस्पितळांत पाहा: मोठे डॉक्टर निदान करतात, आणि "नातेवाइकांस सांगा" म्हणून कोवळ्या शिकाऊ डॉक्टरास पुढें करतात, तो नसेल तर परिचारिकेस, कधीं कधीं तर वार्डांतील शिपायाच्याच तोंडून घरच्यांस कळतें. म्हणून मी त्या मोबाईलच्या धड्यांकडे जरा संशयानेंहि पाहतों. ते सर्वांत धाकट्यासच वाटले व वरच्यांनीं आपली सुटका करून घेतली, तर जुनी खबर-चाकरी नव्या यंत्रांतून चालू राहिली असेंच म्हणावें लागेल. धडे वरच्यांनींहि घ्यावे.

दुसरा प्रश्न घरच्यांचा. हे धडे ज्या देशांत तयार झाले तेथें रोगी एकटा खुर्चीवर बसतो व त्याचा कागद त्याचाच असतो. आपल्याकडे डॉक्टरच्या खोलींत रोग्याबरोबर चारजण शिरतात, आणि बाहेर आल्यावर थोरला मुलगा परत आंत जाऊन हात जोडतो: "साहेब, आबांना सांगूं नका, ते खचतील." ह्या मुलाच्या पोटांत माया नाहीं असें कोण म्हणेल? आपल्या देशांतील डॉक्टरांसाठीं २००२ सालीं केलेले नियमहि येथें दोन्ही बाजूंस वाट ठेवतात. दुखण्याचें गांभीर्य वाढवून सांगूं नये व कमी करूनहि सांगूं नये असें ते म्हणतात. मात्र रोग्याच्या व कुटुंबाच्या हितास लागेल तेवढी माहिती रोग्यास, त्याच्या नातेवाइकांस किंवा जबाबदार मित्रांस असावी, असें त्यांत आहे. रोग्यासच, असें नाहीं.

माझें मत असें कीं, ही वार्ता म्हणजे रोग्याच्या नांवानें आलेलें पत्र आहे. तें घरांत कोणीहि आधीं वाचलें तरी पत्ता बदलत नाहीं. पण पत्र त्याच्या तोंडावर फेंकावें असाहि ह्याचा अर्थ नव्हे. "मला कांहीं सांगूं नका, मुलाशीं बोला," असें म्हणण्याचा अधिकारहि त्याचाच. तिसरी पायरी येथें उपयोगी पडते, आणि ती कागद येण्याच्या आधींच चढावी हें उत्तम: "बाबा, तपासणीचे कागद आले म्हणजे तुमच्याशीं बोलूं, कीं मुलाशीं?" मुलगा हात जोडून आला तर त्यास झिडकारूं नये, त्याला कशाची भीति वाटते तें विचारावें, आणि नम्रपणें सांगावें कीं, "मी आपण होऊन बोलणार नाहीं, पण त्यांनीं विचारलें तर खोटेंहि बोलणार नाहीं." धर्मराजानें अश्वत्थाम्याविषयीं केलें तसें अर्धें मोठ्यानें व अर्धें हळूच, असें करूं नये.

भाषेचाहि मोठा घोटाळा होतो, आणि परदेशीं धडे जसेच्या तसे मराठींत आणूं म्हणणारांनीं इकडे लक्ष द्यावें. इंग्रज डॉक्टर वार्ता सांगतांना 'आय अॅम सॉरी' म्हणतो. त्याचें 'मला माफ करा' असें मराठी केलें तर घरच्यांस वाटेल कीं शस्त्रक्रियेंत ह्याचीच कांहीं चूक झाली, आणि मग पुढील सर्व बोलणें भांडणाचें होईल. 'मलाहि फार वाईट वाटतें' एवढें पुरे आहे. 'रिपोर्ट पॉझिटिव्ह आला' हें ऐकून आनंदित झालेलें घर मीं पाहिलें आहे. 'गाठ' म्हणावें तर ती गळवाची कीं कर्करोगाची हें कळत नाहीं. 'मोठा आजार' म्हणावें तर क्षय समजतात. शेवटीं 'कॅन्सर' हा शब्द एकदां तरी उच्चारावाच लागतो, आणि तो कोणत्या वाक्यांत घालावा ह्याचा सराव मराठींतच झाला पाहिजे.

सहाव्या पायरीविषयीं थोडें बोललें पाहिजे. 'आतां कांहीं होणार नाहीं' हें त्या व्हरांड्यांतलें वाक्य नुसतें कठोर नव्हतें, तें खोटेंहि होतें. रोग बरा होणार नव्हता हें खरें. परंतु त्याच्या वेदनेसाठीं मॉर्फीनच्या गोळ्या होत्या, व्रणाची दुर्गंधि कमी करण्याचे उपाय होते, गिळतां येईना तेव्हां नळीनें पेज देतां आली असती. अशा रोग्यांसाठीं मुंबईंत वांद्रें येथें 'शांति अवेदना सदन' १९८६ सालीं निघालें; कालिकत येथें १९९३ सालीं ही सेवा सुरू झाली व पुढें शेजारपाजारचे स्वयंसेवक घरोघर जाऊन ती करूं लागले; मॉर्फीन मिळण्यांतील कायद्याच्या अडचणी २०१४ च्या दुरुस्तीनें पुष्कळ कमी झाल्या. ज्यास हें ठाऊक नाहीं तो डॉक्टर कितीहि गोड शब्द शिकला तरी सहाव्या पायरीवर त्याच्या हातांत कांहीं नसेल. म्हणून संभाषणाच्या धड्यांबरोबर वेदनाशमनाचे धडेहि त्याच मोबाईलवर असावे.

आणि यंत्राची मर्यादा? अमेरिकेंत कॅलिफोर्नियांतील फ्रीमाँट येथें २०१९ च्या मार्च महिन्यांत एका इस्पितळांत ७८ वर्षांचा एक वृद्ध निजला होता. त्याच्या खोलींत चाकांवरचें एक यंत्र आलें. त्याच्या पडद्यावर दूर कोठें तरी बसलेले डॉक्टर होते. त्यांनीं पडद्यावरूनच सांगितलें कीं, फुप्फुसें आतां सुधारणार नाहींत. वृद्धास कमी ऐकूं येत असे, म्हणून जवळ बसलेल्या नातीस तेंच वाक्य पुन्हां आपल्या तोंडानें सांगावें लागलें. लवकरच तो वारला. ही हकीकत जगभर छापून आली. त्या डॉक्टरांचें ज्ञान चुकीचें नव्हतें. पण वार्ता सांगण्याचें ओझें अखेर कोणाच्या माथीं आलें? त्या मुलीच्या! याच्या उलट २०२० सालच्या साथींत, इस्पितळाचीं दारें नातेवाइकांस बंद असतांना, ज्या परिचारिकांनीं व डॉक्टरांनीं आपल्या मोबाईलवरून घरच्यांस मरणाची खबर दिली व रडें थांबेपर्यंत तो कानाशीं धरून ठेवला, त्यांनीं यंत्रानेंच पण माणसाप्रमाणें काम केलें. तेव्हां दोष यंत्राचा नव्हे. ऐकणाऱ्याचें उत्तर झेलण्यास कोणी आहे कीं नाहीं, एवढेंच पाहावयाचें.

शास्त्रांतील अहीमास आपणांस ठाऊक आहे. अबशालोम पडल्यावर दावीदाकडे खबर नेण्यास तो उतावीळ झाला. यवाबानें त्यास थांबवून कूशी मनुष्यास पाठविलें, तरी हा हट्टानें धांवला व मैदानाच्या वाटेनें त्याच्या पुढें निघून गेला. पण राजानें 'तरुण अबशालोम सुखरूप आहे ना?' असें विचारतांच त्याचें तोंड बंद झालें. गडबड पाहिली, काय झालें तें कळलें नाहीं, असें कांहींसें बोलून तो बाजूस सरला, आणि सांगण्याचें काम मागून आलेल्या कूशीवर पडलें. त्याला धांवतां येत होतें. राजापुढें उभें राहतां येत नव्हतें. मोबाईलनें पायांची गति सर्वांस दिली आहे. मोबाईलवरच्या धड्यानें आणखी एक गोष्ट देतां येते, ती म्हणजे राजाच्या प्रश्नाआधीं पुष्कळदां सराव. उभें राहणें मात्र धड्यांत भरून पाठवितां येत नाहीं, असें मला वाटतें. तो तरुण डॉक्टर म्हणतो, सराव झाला कीं उभें राहण्याचें धैर्यहि थोडें वाढतें. त्याचेंहि म्हणणें खोटें नसावें.

त्याच्या धड्यांत माणसाबरोबर सराव करावा असें सांगितलें आहे. केंद्रांत नट कोठून आणणार? म्हणून त्यानें मला विचारलें, आणि गेल्या महिन्यांत एका दुपारीं मी रोगी झालों. त्यानें दार लोटलें, मोबाईल खणांत ठेवला, स्टूल माझ्या जवळ ओढून बसला. काय बोलावयाचें तें मीं आधींच ठरविलें होतें. मीं विचारलें, "तुम्हांला कांहीं सांगितलें का हो त्यांनीं?" तो क्षणभर थांबला. म्हणाला, "हो बाबा, सांगितलं आहे. तुम्हांला सगळं ऐकायचं आहे, की आज थोडं?" मीं "सगळं" म्हटलें. त्यानें सांगितलें; परंतु कॅन्सर हा शब्द झाल्याबरोबर तो लगबगीनें औषधांवर गेला. मीं हात वर करून त्यास थांबविलें. आम्ही पुन्हां पहिल्यापासून आरंभ केला. दुसऱ्या खेपेस शिपायानें दार वाजविलें तरी तो उठला नाहीं. त्या शांततेंत त्याच्यापेक्षां मलाच अधिक अवघडल्यासारखें झालें, हें कबूल केलें पाहिजे.

मंगळवारीं बाजार असल्यामुळें रोगी फार येतात. म्हणून पुढची बैठक बुधवारीं दुपारीं ठरली आहे. उपकेंद्राच्या नर्सबाई व आमच्या मंडळीतील दोन शिक्षक येणार आहेत. त्या दिवशीं सांगणारा मी, आणि रोगी तो.